गिल्डच्या मीटिंगला एकदा जा, पण शिवणाच्या शनिवारी नक्की जा

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांना कळेल. प्रश्न विचारणाऱ्या ताई नुकत्याच अमेरिकेत मिडवेस्टातल्या एका मध्यम गावात राहायला आल्यात. लायब्ररीच्या बोर्डावर त्यांना तिथल्या क्विल्ट गिल्डचं पत्रक दिसलं (क्विल्ट म्हणजे तुकडे जोडून केलेली इथली गोधडी, आणि गिल्ड म्हणजे ती शिवणाऱ्यांचं मंडळ), महिन्यातून एकदा संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये मीटिंग, पाहुण्यांना १० डॉलर. आजीकडून शिकलेली हातगोधडी येते, मशीनवर सरळ शिवण येतं, रोटरी कटर (फिरत्या गोल पात्याचं कापड कापायचं हत्यार) कधी हातात धरलेला नाही. विचारलंय की तिथं नक्की करतात काय, चर्च म्हणजे धार्मिक भानगड असते का, सत्तरीच्या गोऱ्या बायकांत आपण काय करणार, आणि वर्षाची फी भरून हातात काही पडतं का.

मी शिकागोच्या उपनगरात राहते, इथल्या गिल्डमध्ये बरीच वर्षं आहे, प्रोग्रॅम कमिटीत काम केलंय आणि चॅरिटीच्या टेबलावर अजूनही असते, त्या अनुभवावरून सांगते. 'मला पुरेसं येतं का' ही काळजी पहिली सोडून द्या, गिल्डला प्रवेशपरीक्षा नसते, एकही क्विल्ट न शिवलेल्या मेंबर आमच्याकडं आहेत ज्या नुसतं कापड विकत घेतात आणि प्रोग्रॅम बघायला येतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. खरी अडचण वेगळी आहे. गिल्ड म्हणजे एक गोष्ट नसते, त्यात मासिक मीटिंग असते, घरोघरचे छोटे गट असतात, शिवणाचे दिवस असतात, चॅरिटी म्हणजे दान द्यायचे क्विल्ट शिवणं असतं, शो म्हणजे क्विल्टचं प्रदर्शन असतं, आणि ह्यातली बाहेरून दिसते ती फक्त मीटिंग, जी ओळखी करायला सगळ्यात वाईट जागा आहे. नवीन बाई तीच बघते, छान होतं पण कुणी बोललं नाही म्हणते, आणि परत येत नाही. मी प्रोग्रॅममध्ये असताना हे इतक्यांदा बघितलंय की आता पाहुणी दिसली की मी तिला थेट पुढच्या शनिवारचा पत्ताच देते.

तरी मीटिंगला एकदा जायचंच, म्हणून ती कशी असते ते सांगते. साधारण साडेसहाला दार उघडतं, सातला सुरू होते. दारातच मेंबरशिपचं टेबल, तिथं नाव लिहायचं आणि पाहुण्यांचे पैसे द्यायचे. प्रत्येकीच्या गळ्यात स्वतः शिवलेला नेमटॅग असतो, पत्त्याएवढा छोटा क्विल्टच, आणि तो घरी विसरला तर आमच्याकडं पाव डॉलर दंड. बाजूला गिल्डच्या लायब्ररीचं टेबल, फुकट घेऊन जा असं कापड आणि जुनी मासिकं, फॅट क्वार्टरची सोडत (फॅट क्वार्टर म्हणजे १८ बाय २२ इंचांचा तुकडा, इथलं चलनच म्हणा ते). मग बिझनेस मीटिंग, म्हणजे मागचे मिनिट्स, खजिनदाराचा हिशोब, शोचं कुठवर आलंय, रिट्रीटच्या (बाहेर राहून शिवायच्या सहलीच्या) किती जागा उरल्यात, अगदी आपल्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं, फक्त पार्किंगवरून भांडण नसतं. मग ब्रेक. मग प्रोग्रॅम. बाहेरगावची एखादी क्विल्टर दोन-तीन सुटकेसा भरून आपले क्विल्ट घेऊन येते आणि एकेक उलगडत त्याची गोष्ट सांगते, ह्याला ट्रंक शो म्हणतात. तिचं मानधन काही शे डॉलर असतं, प्रवास वेगळा, आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक तिचंच दिवसभराचं वर्कशॉप असतं त्याची फी वेगळी. कोविडनंतर बऱ्याचजणी झूमवरच बोलतात, ते गिल्डला स्वस्त पडतं पण क्विल्ट जवळून बघायला मिळत नाहीत, माझ्या मते निम्मी मजा जाते.

शेवटी शो अँड टेल. हे मात्र चुकवू नका, ब्रेकमध्येच घरी पळायचं नाही. रांग लागते, दोघीजणी क्विल्टचे वरचे कोपरे धरून हात उंच करून उभ्या राहतात, जिनं शिवला ती बाजूला माइकवर सांगते हा नातवासाठी, हा मिस्ट्री क्विल्टमधला (शेवटी कसा दिसणार ते न सांगता टप्प्याटप्प्यानं शिवायला देतात तो), हा अठरा वर्षं कपाटात अर्धवट पडला होता. सगळ्या वाहवा करतात आणि मग मागून कुणीतरी ओरडतंच, पाठ दाखव पाठ! मग तो गर्रकन फिरवतात. इथं टॉपइतकाच (वरचा जोडलेला थर) बॅकिंगचा (मागचं कापड) आणि टाक्यांचा अभ्यास चालतो, आपल्याकडं सुद्धा म्हाताऱ्या बायका गोधडी हातात घेतली की आधी उलटी करूनच बघतात. पहिल्या दिवशी मागच्या रांगेत न बसता पुढून तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा, टाके दिसायला हवेत. इतकी वर्षं झाली, मी अजूनही सगळ्यात जास्त ह्या वीस मिनिटांत शिकते, कुठला रंग कशाशेजारी बसतो आणि कुठला बसत नाही हे पुस्तकातून कळत नाही.

आता मीटिंगच्या बाहेरचं, जे खरं गिल्ड आहे. एक म्हणजे बी, काही ठिकाणी फ्रेंडशिप ग्रुप म्हणतात. सहा ते दहा बायका, कुणाच्या तरी घरी किंवा लायब्ररीच्या खोलीत, दर आठवड्याला नाहीतर पंधरवड्याला, आपापलं काम घेऊन बसायचं. हात चालू, तोंड चालू. मुलांच्या शाळा, डॉक्टर, सासवा, सगळं तिथं कळतं, कुठल्या दुकानात सेल आहे तेही. ह्यातली अडचण अशी की जुन्या बी भरलेल्या असतात, वर्षानुवर्षं त्याच आठजणी, कुणाच्या दिवाणखान्यात नवव्या मशीनला जागाच नसते, त्यांचा उद्धटपणा नसतो तो. म्हणून जुन्या बीत घुसायचा प्रयत्न करण्यापेक्षा मेंबरशिपवालीला सांगून ठेवा की ह्या वर्षी आलेल्या नव्या मेंबरची नवी बी निघणार असेल तर माझं नाव घाला. आणि निघत नसेल तर तुम्हीच सुचवा, चारजणी पुरतात.

दुसरं म्हणजे शिवणाचे शनिवार. हॉल दिवसभरासाठी घेतलेला असतो, एक्स्टेन्शन कॉर्ड पसरलेल्या, एका कोपऱ्यात इस्त्रीची दोन टेबलं, एका बाजूला कापायची मॅट. ह्यातला एखादा शनिवार चॅरिटीचा असतो आणि मी तुम्हाला तिथंच जायला सांगतेय. कारण सरळ आहे. तिथं तुम्हाला काम देतात, आणि हातात काम असलं की अनोळखी माणसाशी बोलायला विषय शोधावा लागत नाही. मशीन नसलं तरी चालतं, कुणीतरी कापायला लागतं, कुणी इस्त्री करायला, कुणी किट (एका क्विल्टचे कापून ठेवलेले तुकडे) पिशवीत भरायला, आणि हाताने बायंडिंग (क्विल्टच्या कडेची पट्टी) मारणारी बाई मिळाली तर तिला डोक्यावर घेतात कारण ते काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं. ज्यांना आयुष्यभर धावदोरा घालायची सवय आहे त्यांना बायंडिंगचा आंधळा, बाहेरून न दिसणारा टाका जमायला एक दुपार पुरते. माझ्या इथल्या निम्म्या ओळखी बायंडिंग मारताना झाल्यात.

चॅरिटी म्हणजे काय तर प्रत्येक गिल्डची ठरलेली ठिकाणं असतात. जवळच्या हॉस्पिटलचा नवजात बाळांचा विभाग, बायकांचा निवारा, प्रोजेक्ट लायनस ही १९९५ पासूनची संस्था जी आजारी आणि संकटातल्या मुलांना पांघरुणं देते, आणि क्विल्ट्स ऑफ व्हॅलर जी २००३ मध्ये सुरू झाली, ती युद्ध बघितलेल्या सैनिकांना क्विल्ट देते. प्रत्येकाचे नियम वेगळे, मापं वेगळी, एकीला लहान मुलाच्या गादीपुरता चालतो, दुसरीला मोठ्या माणसाच्या अंगावर येणारा लागतो. बहुतेक ठिकाणी सारखा असलेला नियम म्हणजे कापड नवं हवं, स्वच्छ हवं, सिगरेटचा नाहीतर घरातल्या कुत्र्या-मांजराचा वास नको. म्हणजे जुन्या साडीची गोधडी कितीही मऊ असली तरी हॉस्पिटलात चालत नाही, आपल्याकडं बाळाला मुद्दाम जुन्याच कापडाचं दुपटं करतात हे त्यांना सांगून बघितलंय, ऐकून घेतात, कौतुक करतात, पण नियम तो नियम.

चर्चबद्दल. हॉल भाड्यानं स्वस्त मिळतो, पार्किंग असतं, स्वयंपाकघर असतं, म्हणून निम्मे गिल्ड चर्चमध्येच भरतात, धर्माशी संबंध नाही. डिसेंबरच्या पॉटलकला (प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणायचं जेवण) जेवणाआधी कुणी दोन ओळींची प्रार्थना म्हणेल, गप्प उभं राहायचं, झालं. पण एक लक्षात ठेवा की चर्चची स्वतःची सुद्धा क्विल्टवाली मंडळं असतात आणि ती गिल्डपेक्षा पूर्ण वेगळी. मिडवेस्टात लूथरन चर्चच्या बायका लूथरन वर्ल्ड रिलीफ ह्या मदतसंस्थेसाठी मिशन क्विल्ट करतात, ६० बाय ८० इंच, मोठे मोठे चौकोन जोडायचे आणि क्विल्टिंग (थर एकत्र धरणारे टाके) न करता जाड दोऱ्यानं ठिकठिकाणी गाठी मारायच्या. फी नसते, स्पर्धा नसते, कॉफी फुकट असते. तुमच्या पत्रकावर गिल्ड लिहिलंय आणि पाहुण्यांचे पैसे लिहिलेत म्हणजे ते गिल्डच असणार. पण समजा गिल्डात मन नाही लागलं तर हे मंडळ बघा, माझ्या ओळखीची एक नागपूरची बाई कट्टर शाकाहारी, गणपती बसवणारी, दर मंगळवारी तिथं गाठी मारायला जाते आणि खूष आहे.

सगळ्या म्हाताऱ्या आणि गोऱ्या असतील का? बहुतेक हो. दिवसाच्या गिल्डात तर जवळजवळ सगळ्या निवृत्तच असतात, कारण मंगळवारी सकाळी दहाला दुसरं कोण मोकळं असणार. संध्याकाळच्या गिल्डात नोकरीवाल्या जास्त, तुमचं संध्याकाळचं आहे हे बरंय. तरुण लोक हवे असतील तर जवळच्या मोठ्या शहरात मॉडर्न क्विल्ट गिल्डची शाखा आहे का बघा. हे प्रकरण २००९ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालं, ब्लॉगवर ओळखी झालेल्या पोरींनी एकत्र येऊन, आणि २०१३ मध्ये त्यांचं पहिलं क्विल्टकॉन हे संमेलन ऑस्टिनला भरलं. भरपूर मोकळी जागा, सपाट रंग, वेडेवाकडे अंदाजे कापलेले तुकडे हा त्यांचा बाज. गंमत म्हणजे आपल्या गोधडीचा स्वभाव जुन्या फुलाफुलांच्या पारंपरिक ब्लॉकपेक्षा (जोडून क्विल्ट होतो ते नक्षीचे चौकोन) ह्यांच्या जास्त जवळचा आहे. पण पारंपरिक गिल्डातल्या सत्तरीच्या बायकांना शिवण जास्त येतं, हे माझं स्पष्ट मत आहे. शिकायचं असेल तर म्हाताऱ्यांत जा. नाव नीट घेत नाहीत हे खरंय, नेमटॅगवर मोठ्या अक्षरात उच्चाराप्रमाणे लिहा, आणि तुम्ही कुठल्या हे चार वेळा विचारतील, पाचव्यांदा तुमची मशीन कुठली हे विचारायला लागतील.

आता गोधडीचं. तुम्ही लिहिलंय की माझं काम त्यांना गबाळं वाटेल का. इथलं पारंपरिक हातक्विल्टिंग म्हणजे लाकडी रिंगमध्ये ताणलेलं कापड, आखूड सुई, मधल्या बोटाला अंगुस्तान, सुई डोलवत डोलवत एकदम तीन-चार टाके भरायचे, आणि इंचात दहा टाके आले तर लोक मान डोलावतात. आपली गोधडी जमिनीवर अंथरलेली, रिंग नाही, बॅटिंग (मधला मऊ थर) नाही, आत जुनी लुगडीच, कडेनं सुरू करून आत आत येणारा मोठा धावदोरा. दोन्हींची तुलना करायला गेलात तर उगाच हिरमुसाल. पण जाड पर्ल कॉटनच्या आठ नंबर दोऱ्यानं मुद्दाम मोठे टाके घालायची पद्धत इथं आता चांगलीच रुळलीये, बिग स्टिच म्हणतात, त्यासाठी वर्कशॉपं असतात, बायका पैसे भरून शिकतात. तुमचा हात त्यात आधीच बसलेला आहे. तुम्ही गोधडी दाखवली की निम्म्या बायका म्हणतील अगदी जीज बेंड ह्या वस्तीतल्या क्विल्टसारखी. अलाबामातल्या त्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून केलेले क्विल्ट २००२ मध्ये ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागले, २००६ मध्ये त्यांची पोस्टाची तिकिटं निघाली, त्यामुळं मोजून न कापलेलं आणि जुन्या कपड्यांचं काही सुंदर दिसलं की ह्यांना तेच आठवतं. तो त्यांच्याकडचा मोठा मान आहे, आमचं वेगळं आहे म्हणून लगेच भाषण देऊ नका. वर्षभरानं प्रोग्रॅमवालीला म्हणा मी दहा मिनिटं दाखवते, आणि तेव्हा तयार गोधडी नेऊ नका, अर्धवट न्या, चार सुया ओवून ठेवा आणि त्यांना टाके घालायला बसवा. नुसत्या स्लाइड दाखवल्या की टाळ्या मिळतात, टाके घालायला बसवलं की दोघी-तिघी नंतर फोन करतात.

साडीचं कापड मात्र ब्लॉकच्या देवाणघेवाणीत टाकू नका. स्वॅपमध्ये किंवा ब्लॉक ऑफ द मंथमध्ये (दर महिन्याला एक ब्लॉक) सगळ्यांनी एकसारखं जाड सुती कापड वापरायचं असतं, क्विल्टच्या दुकानातलं. जुनी सुती साडी विरळ असते, पाव इंचाच्या शिवणीतून धागे निसटतात आणि दुसरीचा ब्लॉक उसवतो. स्वतःच्या क्विल्टमध्ये वापरायची तर खळ घालून कडक करा नाहीतर मागं पातळ चिकटणारं अस्तर लावा, सिल्कला तर लावाच, आणि लाल काठाचा रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्यानं आधी बघा.

पाव इंच हा शब्द आलाय तर तेवढं एकच तांत्रिक सांगते, कारण नव्या माणसाचं नाव गिल्डात ह्याच्यावरून होतं. इथं सगळी शिवण पाव इंचाची, आणि ती शिंप्याच्या अंदाजानं चालत नाही. समजा एका ओळीत नऊ तुकडे आहेत म्हणजे आठ शिवणी, प्रत्येक शिवणीत दोन्हीकडं एक सोळांश इंच जास्त गेला तर ओळ अख्खा एक इंच आखूड होते, आणि मग बारा इंचांचा ब्लॉक अकराचा होऊन बसतो. घरीच तपासून बघा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा. एकूण रुंदी साडेतीन इंच आली पाहिजे आणि मधली पट्टी बरोब्बर एक इंच दिसली पाहिजे. नाही आली तर मशीनच्या पट्टीवर पेंटरचा टेप चिकटवून सुईपासूनचं अंतर हलवत राहा, येईपर्यंत. आणि रोटरी कटर, ओल्फा कंपनीनं १९७९ मध्ये आणलेलं हे गोल पातं, त्यानं इथलं सगळं क्विल्टिंग भराभर झालं पण बोटं पण कापली, प्रत्येक कापणीनंतर पातं बंद करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. कुणी कापड धरलं असेल तर त्याच्या दिशेनं कधी चालवू नका.

पैशाचं खरं सांगते. वर्षाची फी बहुतेक ठिकाणी २५ ते ५० डॉलरच्या आसपास असते, ती काहीच नाही. खर्च पुढं आहे. दुकानातलं चांगलं कापड यार्डाला १२ ते १५ डॉलर, मांडीवर घ्यायच्या क्विल्टला टॉप आणि बॅकिंग मिळून सात-आठ यार्ड कुठं गेले कळत नाही. मग क्विल्टिंग. आता बहुतेक बायका स्वतः क्विल्टिंग करत नाहीत, टॉप शिवून लाँगआर्मवालीकडं (लांब हाताच्या मोठ्या मशीनवर क्विल्टिंग करून देणारी) देतात, ती चौरस इंचाला दोन-तीन सेंटपासून पुढं घेते, म्हणजे ६० बाय ८० च्या क्विल्टला ४८०० चौरस इंच, कमीत कमी ९६ ते १४४ डॉलर, नक्षी भारी असेल तर त्याच्या वर. बेरीज तुम्हीच करा. म्हणून पहिल्या वर्षी काही विकत घेऊ नका असं मी सगळ्यांना सांगते. फुकटच्या टेबलावरून घ्या, गिल्डच्या कापडविक्रीतून घ्या. एखादी जुनी मेंबर गेली की तिची मुलं अख्खी खोली भरून कापड गिल्डला आणून देतात आणि ते वजनावर विकलं जातं, त्यात उत्तम कापड मिळतं. तुम्हाला हातानं क्विल्टिंग येतं म्हणजे लाँगआर्मचे पैसे तर आधीच वाचले. लायब्ररीतून पुस्तकं फुकट, काही गिल्डकडं मशीन सुद्धा उधार मिळते, विचारा.

आणि फीच्या बदल्यात काम करावं लागतं, हे पत्रकावर लिहिलेलं नसतं. बहुतेक गिल्डचा क्विल्ट शो वर्षाआड असतो, त्यातूनच वक्त्यांचा खर्च निघतो, आणि तेव्हा प्रत्येकीला काही तासांची पाळी करावीच लागते. स्टँड उभे करणे, क्विल्ट टांगणे, तिकिटं, किंवा पांढरे हातमोजे घालून उभं राहणे म्हणजे लोकांना पाठ बघायची असली की आपण उलगडून दाखवायची, कारण बाकी कुणी हात लावायचा नाही. हातमोज्यांची पाळी घ्या, दिवसभर जवळून टाके बघायला मिळतात. ऑपॉर्च्युनिटी क्विल्ट नावाचा एक क्विल्ट सगळ्या मिळून शिवतात, त्याची तिकिटं विकून सोडत काढतात, पाच-दहा तिकिटं तुमच्याही गळ्यात पडतील, नवऱ्याच्या ऑफिसात खपवा. स्पर्धेत आपला क्विल्ट द्यायचा असेल तर मागं वरच्या कडेला चार इंची कापडी नळी शिवावी लागते दांडा घालायला. परीक्षक जे लिहून देतात ते मनाला लावून घेऊ नका, बायंडिंग पोकळ आहे, कोपरा चौकोनी नाही, बॉर्डर लाटा मारते, हेच असतं बहुतेकांना.

कमिटीचं म्हणाल तर गिल्डांना अध्यक्ष मिळत नाहीत, त्यामुळं नवीन, तरुण, लॅपटॉप येणारी बाई दिसली की तिला लगेच घेरतात. पहिल्या वर्षी खजिनदार, वेबसाइट आणि शो ह्या तिन्हीला नम्रपणे नाही म्हणा. चॅरिटीची किट कापणे किंवा कॉफीचं टेबल, एवढंच घ्या. कॉफीच्या टेबलावर महिन्याभरात सगळ्यांची नावं पाठ होतात. पॉटलकला काय न्यायचं हा पण प्रश्न येणारच, साबुदाण्याची खिचडी नेऊ नका, शेंगदाण्याची ॲलर्जी इथं फार, ढोकळा न्या, त्यात काय काय आहे त्याची चिठ्ठी लावा, भांडं रिकामं परत येतं.

एक गोष्ट परिस्थितीवर आहे आणि ती तुम्ही लिहिलेली नाही, म्हणजे व्हिसा. एच-फोरवर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असाल आणि कामाचं परमिट नसेल तर चॅरिटी, शोची पाळी, कमिटी हे फुकटचं काम वेगळं, पण शोमध्ये बुटीकचा स्टॉल असतो जिथं मेंबर पिशव्या, टेबल रनर विकतात आणि पैसे मेंबरला मिळतात, तसंच कुणी म्हणेल माझ्या क्विल्टला हाताने बायंडिंग मारून दे, शंभर डॉलर देते. हे दोन्ही करायच्या आधी वकिलाला विचारा. तोवर आपल्या वस्तू गिल्डला देणगी म्हणून द्या आणि पैसे घेऊ नका.

थोडक्यात क्रम असा. आधी गिल्डच्या ईमेलवर लिहून विचारा की पुढचा चॅरिटीचा शिवणदिवस कधी आहे आणि पाहुणी आली तर चालेल का, बहुतेक ठिकाणी चालतं. तिथं जा, बायंडिंग मारा. मग एक मीटिंग, शो अँड टेलपर्यंत बसा. दोन्ही आवडलं तरच फी, आणि फी भरायच्या आधी त्यांचं वर्ष कधी सुरू होतं ते विचारा, काहींचं सप्टेंबरला होतं काहींचं जानेवारीला, अर्ध्या वर्षात आलेल्यांना कधी कधी अर्धीच पडते. उन्हाळ्यात काही गिल्डांना एक-दोन महिने सुट्टी असते त्यामुळं जुलैत दार बंद दिसलं तर घाबरू नका. पुढच्या वसंतात पडुकाच्या बसमध्ये जागा मिळाली तर सोडू नका, केंटकीतल्या त्या गावात दर एप्रिलला मोठा शो असतो आणि १९९१ पासूनचं क्विल्टचं म्युझियम आहे, आमच्याकडून सहा तासांचा रस्ता, बसमध्ये सगळ्या शिवत जातात.

शिवणदिवसाला नेताना सोबत स्वतःची कात्री, अंगुस्तान, सुया आणि चष्मा लागत असेल तर तो, एवढं पुरे. तुमची मशीन कुठली आहे ते इथं लिहा, भारतातून आणलेली असेल तर व्होल्टेजचं बघावं लागेल, ११० वर ती थेट चालणार नाही.